ताडोबातून आणलेली २०१२ ची जिप्सी, पावसाळ्याआधी काय काय करून घेऊ?

घाटवाट_७७ (सातारा)
११ एप्रिल

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय कारण आता स्वतःच्या गळ्यात पडलंय. गेल्या महिन्यात मारुती जिप्सी घेतली. २०१२ ची, एमपीएफआय पेट्रोल, सॉफ्ट टॉप, मीटरला १,४२,००० आणि काहीतरी. ताडोबाच्या बाजूला एका रिसॉर्टकडे सफारीला होती, एका एजंटमार्फत मिळाली. बायको म्हणाली एवढ्या पैशात धड छप्पर असलेली गाडी आली असती. तिचं चुकीचं नाही, पण आमची थोडी जमीन आहे बामणोलीच्या पुढे आणि शेवटचे तीन किलोमीटर पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय कोणी जात नाही, म्हणून फोर बाय फोरच पाहिजे होती आणि नवीन घ्यायची ऐपत नाही.

एजंट म्हणाला "इंजिन ऑइल बदला आणि पाच वर्षं बघू नका". चंद्रपूरहून इथपर्यंत दोन दिवसांत चालवत आणली. बंद पडली नाही कुठे, पण मला जे जाणवलं ते सांगतो. पासष्टच्या पुढे गेलो आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं नाचायला लागतं की दोन्ही हातांनी धरून ब्रेक मारावा लागतो, मग शांत. रिव्हर्सला टाकताना खालून टण्ण असा आवाज येतो. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट ओघळ आलाय. ॲव्हरेज साडेआठ. आणि काटा कधीच गरमकडे जात नाही, एकदम थंड इंजिन आहे, ही एक गोष्ट तरी चांगली दिसतेय.

आमच्या इथला मिस्त्री म्हणतो चालतेय ना, मग कशाला उघडायची, जुनी गाडी उघडली की काम वाढतं. बजेट चाळीस हजार, फार तर पंचेचाळीस. जूनच्या आत काय करून घेऊ आणि काय पुढे ढकलू? आणि ते इंजिन फ्लश का काय म्हणतात ते टाकावं का?

---

पाना_पक्कड (कोल्हापूर)

भावा, गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन, आता पाकीट घट्ट धर.

आधी तुझं ते "थंड इंजिन चांगलं" एवढं डोक्यातनं काढ. काटा वर येतच न्हाई म्हणजे कुणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकलाय. आपल्याकडं ही जुनी खोड हाय, गाडी एकदा गरम झाली की मिस्त्री रेडिएटर साफ करायच्या ऐवजी व्हॉल्व्हच उपटून फेकतो. मग इंजिन कायम गार राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच हाय, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. तुझं साडेआठ ॲव्हरेज निम्मं तर तिथंच गेलं असणार. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं ते वेगळंच. गार इंजिनवर रेडिएटरची टोपी उघड आणि बोट घालून बघ. हिरवं-गुलाबी कूलंट निघालं तर नशीब, गेरूसारखं पाणी निघालं तर आतून गंज हाय, धुऊन काढ, नवीन व्हॉल्व्ह, नवीन होज, नवीन टोपी, कूलंट. टोपी शंभर-दोनशेची असती पण तिच्यामुळं हेड गॅस्केट गेलेल्या गाड्या मी बघितल्यात.

आता मुद्द्याची गोष्ट. फोर बाय फोर म्हटली की लोक इंजिन ऑइलवर थांबतात. जिप्सीत ऑइल पाच ठिकाणी हाय. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी), पुढचं हाउजिंग, मागचं हाउजिंग (दोन चाकांच्या मधली एक्सलची गिअरपेटी). शिवाय पुढच्या दोन्ही नकलमधलं (चाक वळतं तो सांधा) ग्रीस. जुन्या गाडीत यातली तीन तरी ठिकाणं अशी असत्यात की कंपनीतनं आल्यावर कुणी हातच लावलेला नसतो. सगळी काढ. आणि एक गोष्ट लिहून ठेव, आधी भरायचं बूच सुटतंय का बघ, मग खालचं काढ. मी स्वतः शिकाऊ असताना मागच्या हाउजिंगचं खालचं बूच काढलं, ऑइल सगळं परातीत, आणि वरचं बूच गंजून बसलेलं, कोपरे गोल झालेले. गिऱ्हाईक दारात उभं, गाडी कोरडी. वेल्डिंगवाल्याला बोलवून बुचावर नट चिकटवून काढलं तेव्हा सुटलं. मालकानं त्या दिवशी जे सुनावलं ते अजून आठवतंय.

जुनं ऑइल पांढऱ्या डब्यात काढ, काळ्या परातीत नको, रंग दिसला पाहिजे. काळं असेल तर चालतंय, म्हातारं झालंय एवढंच. बोटावर घेऊन उन्हात धर, चंदेरी चमक असेल तर बेअरिंग नायतर क्राउन-पिनियन (हाउजिंगमधले मोठा-छोटा गिअर) झिजतंय. बुचाला चुंबक असेल तर त्याच्यावर काजळासारखा बारीक लेप असतोच, घाबरायचं न्हाई, पण दाताचा तुकडा सापडला तर मला फोटो टाक. आणि दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय.

हाउजिंगला जीएल-५ दर्जाचं ऐंशी-नव्वद गिअर ऑइल, गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं. दुकानदार म्हणंल सगळीकडं एकच टाका, ऐकू नको, जीएल-५ मधली रसायनं गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत न्हाईत.

टायमिंग बेल्ट. मागच्या मालकाकडं बिल हाय का? नसेल तर बदललेला न्हाई असंच धर. किलोमीटरचा हिशोब लाखाच्या आसपास असतो पण रबर वयानं बी मरतं. बेल्ट, टेन्शनर, पुढचं क्रँक सील आणि कॅम सील एकदम कर, एवढं उघडलंच हाय तर वॉटर पंपाला बी हात लावून बघ, खुळखुळत असेल तर तो पण. मजुरी एकदाच लागती.

फ्लश नको. दीड लाख किलोमीटर पळालेल्या इंजिनात बसलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाक, दोन हजार किलोमीटरला काढ, परत टाक, परत फिल्टर. दोनदा केलं की आपोआप धुतलं जातं.

नाचणारं स्टिअरिंग उद्या लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

---

झाडीपट्टी_ड्रायव्हर (चंद्रपूर)

दादा, मी मोहर्लीकडं नऊ वर्षं जिप्सी चालवली, आता स्वतःची आहे. तुमची गाडी कोणती ते मला नाही माहीत, पण सफारीची गाडी कशी जगते ते सांगतो, मीटर पाहून फसू नका.

सकाळची एक फेरी, दुपारची एक फेरी, मंगळवार सुट्टी. आत वीसच्या वर पळवता येत नाही, बहुतेक वेळ पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरमध्ये. वाघ दिसला की इंजिन बंद, हलला की चालू, परत बंद, परत चालू. एका फेरीत वीस-पंचवीस वेळा सेल्फ मारून राहिलो असतो आपण. सहा टुरिस्ट, एक गाइड, एक ड्रायव्हर, आठ माणसं झाली. मागं बेंच वेल्डिंग करून बसवलेले. आता हिशोब करा, एक लाख किलोमीटर जरी ताशी पंधराच्या सरासरीनं झाले असतील तर साडेसहा हजार तास इंजिन चाललं. तुमच्याकडची हायवेची गाडी तेवढ्याच किलोमीटरला अडीच हजार तासात मोकळी होते. म्हणून मी तर किलोमीटर पाहतच नाही, तास पाहतो. ऑइल तीन हजारावर बदलतो, लोक हसतात, हसू द्या.

म्हणून तुम्ही ह्या गोष्टी पाहून घ्या. एक, क्लच आणि सेल्फ, दोन्ही अर्धमेले असतील. दोन, एअर फिल्टरच्या डब्यातून पुढं जाणारा रबरी पाइप. उन्हाळ्यात आमच्या इकडची धूळ पावडरीसारखी असते, फिल्टर नवीन टाकला तरी पाइपला चीर असली का धूळ सरळ इंजिनमध्ये. पाइप काढून आतून बोट फिरवा, बोटाला माती लागली तर समजून जा. तीन, मागचे कमानपाटे मोजा. आठ माणसांसाठी बहुतेक लोकांनी एक पाटा जास्तीचा टाकलेला असतो. तुम्ही दोघं नवरा-बायको बसाल तर गाडी बैलगाडीसारखी उडेल, मिस्त्री म्हणेल शॉकअप गेले, शॉकअप बदलाल तरी उडेलच. तो पाटा काढून टाका.

चार, छप्पर काढताना आणि बेंच लावताना जिथं जिथं वेल्डिंग केलं तिथं पेंट जळलेला असतो, खालून पाहा.

आणि पाणी. कोअर (जंगलाचा आतला भाग) जुलै ते सप्टेंबर बंद असतं पण बफरमध्ये (भोवतीच्या पट्ट्यात) पावसातही गाड्या चालतात, नाल्यातून काढाव्या लागतात. तुमची गाडी बफरला चालली असेल तर पुढचं हाउजिंग आधी उघडा. आमच्याकडं पुढच्या हाउजिंगले कोणी इचारतच नाही, मागचं तरी एखाद वेळी बदलते.

बाकी एजंटनं पाच वर्षं पाहू नका म्हटलं, त्यानं पाच दिवस तरी पाहिली होती का इचारा त्याले.

---

पाना_पक्कड (कोल्हापूर)

वरच्या भावानं लाखाची गोष्ट सांगितली, तासाचा हिशोब. जेसीबीला आपण तासावरच सर्व्हिसिंग करतो की, मग जंगलातल्या जिप्सीला का नको.

आता नाचणं. जिप्सीचा पुढचा एक्सल अखंड असतो, चाक वळतं ते वर-खाली दोन किंगपिनवर, त्याच्यात बारक्या टेपर बेअरिंग. त्या झिजल्या की चाकाला मोकळीक मिळते आणि खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं एकमेकांना डोलवायला लागत्यात. लोक काय करतात, जाड स्टिअरिंग डॅम्पर बसवतात. नाचणं थांबतं, आजार तसाच राहतो.

घरी बघायची पद्धत. पुढचं चाक जॅकवर घे, खाली घोडी (स्टँड) लाव (नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नको, कधीच), चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलव. हललं तर आत कुणाला तरी बसवून ब्रेक दाबायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग ढिली. ब्रेक दाबून पण हलतंय तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडं धरून हलव, तिथं खुळखुळलं तर टाय रॉडचे एंड. ह्याच्या आधी टायर बॅलन्सिंग तपासून घे म्हणजे फुकटचा खर्च नको.

तुझा काळा ओघळ बी ह्याच घरातला. हाउजिंगच्या आतलं सील गेलं की पातळ गिअर ऑइल नकलमध्ये उतरतं, तिथल्या ग्रीसची लापशी होते आणि नकलच्या गोळ्याच्या बाहेरच्या सीलमधनं टपकती. बाहेरचं सील बदलून काय बी होणार न्हाई, आतलं बदलायचं. म्हणजे नकल उघडायचीच हाय. मग एकाच वेळी किंगपिन बेअरिंग, सीलं, व्हील बेअरिंगचं ग्रीस, सगळं होऊन जाऊ दे. शिम (पातळ चकत्या) किती होत्या कुठल्या बाजूला ते मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लाव.

टण्ण आवाज म्हणजे चाकांकडं ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचे क्रॉस. हाताने शाफ्ट पिळून बघ. जिप्सीत तीन शाफ्ट असतात, गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केसमधला आखूड शाफ्ट विसरतात सगळे. आणि ट्रान्सफर केस तीन रबरांवर टांगलेली असती, ती रबरं बसली की बी असाच ठोका येतो. ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस चारी टोकांतनं बाहेर येऊन नवं दिसेस्तवर मार.

---

जांभादगड (देवगड)

घाटवाट, वरचे दोघे मशीनचं सांगतायत, मी लोखंडाचं सांगतो, कारण मशीन मिळतं, चासी मिळत नाही.

माझी २००६ ची जिप्सी होती, समुद्रापासून दोन किलोमीटरवर. इंजिन अजून सुरेख होतं तेव्हा भंगारात गेली. मागच्या शॅकलच्या (कमानपाटा चासीला जोडणारी कडी) वर चासीला हात लावला तर पापडासारखा चुरा खाली पडला. मी दरवर्षी तिला खालून जळकं ऑइल मारत होतो हो, बापजाद्यांची पद्धत, पण बाहेरून. चासी आतून पोकळ असते आणि चिखल आत जाऊन बसतो, गंज आतूनच पोखरत येतो. शिवाय ते जळकं ऑइल बुश, होज सगळ्या रबरांना लागून ती फुगली ते वेगळं.

तुम्ही काय करा, गाडी धुवायच्या आधी एक लहान हातोडी घेऊन चासीवर ठोकत जा, पुढून मागे. चांगलं लोखंड टणटण वाजतं, गंजलेलं भद्द वाजतं. दोन्ही कमानपाट्यांच्या टोकाला, बॉडी माउंटच्या खाली, पेट्रोल टाकीच्या वरती. मग चासीच्या भोकातून पाणी आत मारून माती बाहेर येईपर्यंत धुवा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा (एप्रिल आहे, हीच वेळ), आणि मग आत पिचकारीने मेणाचं अँटीरस्ट मारा. ते काळं जाड रबरी कोटिंग करून देतो म्हणून कोणी मागे लागला तर गंजावर ते मारू नका. दिसतं छान, आत पाणी धरून ठेवतं.

सातारा कोकणासारखा खारट नाही, पण बामणोलीला पाऊस काय कमी आहे का!

---

घाटवाट_७७ (सातारा)
२६ एप्रिल

मंडळी, काय सांगू. दुसरा मिस्त्री शोधला, शाहूपुरीतला, वयस्कर आहेत पण ऐकून घेतात. तुमची सगळी उत्तरं त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, ते फक्त "हां" म्हणाले आणि कामाला लागले.

मागच्या हाउजिंगचं ऑइल काळं, घट्ट, वास भयंकर, पण ठीक. पुढच्या हाउजिंगचं वरचं बूच आधी सोडवलं (पाना_पक्कड, त्याला दोन तास लागले, खालचं आधी काढलं असतं तर मेलो असतो) आणि खालचं काढल्यावर पहिल्यांदा अर्धा कप पाणी आलं. नुसतं पाणी. त्याच्या मागे टपरीवरचा कटिंग असावा तसलं तपकिरी दूध. काका बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले.

मग ते म्हणाले पाणी आलं कुठून ते शोधल्याशिवाय नवीन ऑइल टाकणार नाही. हाउजिंगच्या वर एक बारकी टोपी असते, ब्रीदर, अंगठ्याएवढी पण नाही. ती काढली तर आत भोकच नाही. म्हणजे होतं, पण मातीने गच्च बुजलेलं, आणि ती रस्त्याची माती नव्हती, कुंभारीण माशीचं घर! काकांनी खिळ्याने टोकरलं तर आतून वाळलेली अळी पडली. त्यांनी समजावलं ते असं की गाडी चालून हाउजिंग तापतं, आतली हवा फुगते, ती ब्रीदरमधून बाहेर जायला पाहिजे. मग तशीच तापलेली गाडी नाल्यात घातली की हाउजिंग एकदम गार होतं, आत हवा आक्रसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर चालू असेल तर हवा ओढेल, बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढेल. म्हणजे माझं आतलं सील पण त्याच माशीने खाल्लं म्हणायचं, दाब जायला दुसरी वाटच नव्हती.

आता दोन्ही हाउजिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत नेलीय, टोकाला एक छोटा पेट्रोल फिल्टर लावलाय. खर्च साडेतीनशे रुपये. पुढच्या हाउजिंगला स्वस्तातलं ऑइल टाकून शंभर किलोमीटर फिरवलं, काढलं, परत थोडं दूधट निघालं, परत टाकलं, तिसऱ्यांदा स्वच्छ. बेअरिंग अजून तरी शांत आहेत.

थर्मोस्टॅट खरंच नव्हता! आणि पाणी गेरूचं. मागचे पाटे मोजले, एका बाजूला एक जास्त आणि दुसऱ्या बाजूला पण एक जास्त पण वेगळ्याच कुठल्या तरी गाडीचा. किंगपिन बेअरिंग बाहेर काढल्या, चारपैकी दोनमध्ये रोलरच्या जागी खळगे पडलेले, हाताने फिरवल्या तर कटकट कटकट. टायमिंग बेल्टला आतून चिरा होत्या, पिळला की दिसायच्या.

आतापर्यंत ३८,००० गेलेत. बायकोला २६ सांगितलेत.

दोन प्रश्न उरले. मागच्या उजव्या चाकाच्या ड्रमच्या खाली ओलं दिसतंय. आणि एक ओळखीचे म्हणतात जुन्या इंजिनाला जाड, वीस-पन्नासचं ऑइल टाक, धूर कमी होतो.

---

पेठेतला_पेट्रोल (पुणे)

जाड ऑइलवर माझं मत वेगळं आहे, वाद घालायचा असेल तर घाला. धूर आहे का तुमच्या गाडीला? तुम्ही कुठेच लिहिलं नाहीये धूर आहे म्हणून. नसलेल्या दुखण्यावर औषध कशाला? जाड ऑइल सकाळी गार असताना वर कॅमपर्यंत पोहोचायला वेळ घेतं आणि झीज सगळ्यात जास्त त्या पहिल्या काही सेकंदांतच होते. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या, चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील तर मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाका. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी काढून बघा, हलकी वाफ चालते, भकभक धूर येत असेल तर रिंगा गेल्या. तेव्हा वीस-पन्नास टाका आणि इंजिन कामासाठी पैसे जमवायला लागा.

ड्रमखाली ओलं आहे ते आधी बोटावर घेऊन वास घ्या. सडक्या अंड्यासारखा उग्र वास आणि चिकट असेल तर गिअर ऑइल, म्हणजे एक्सलचं सील. पातळ आणि तसला वास नसलेलं असेल तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर. दोन्ही बाबतीत ड्रम उघडावाच लागणार. लायनरवर गिअर ऑइल सांडलेलं असेल तर पेट्रोलने धुऊन, घासून परत बसवू नका, लायनर ऑइल शोषून घेतात आणि गरम झाले की परत सोडतात. घाटात एका बाजूचा ब्रेक लागतो, दुसऱ्या बाजूचा लागत नाही, कास उतरताना हे नको. नवीन लायनर, दोन्ही बाजूंना. ब्रेक ऑइलही सगळं बदला, ते हवेतलं पाणी ओढतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि आपल्याकडे ते कोणीही बदलत नाही, फक्त वरून भरतात.

अजून एक, जे कोणी बोललं नाही. तुमची गाडी २०१२ ची, आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. टाकीपासून इंजिनपर्यंतचे रबरी पाइप जुने असतील तर सगळे बदलून टाका, क्लिपांसकट. नाना पेठेत मीटरवर मिळतात, पण इथेनॉलला चालणारा द्या असं सांगून घ्या, नाहीतर तो समोर पडलेलं बंडल कापून देतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१७ असेल तर २०१७ सालचा तेविसावा आठवडा. सफारीच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. बघा जरा.

---

मस्कतकर

पेठेतल्या काकांना अनुमोदन. मी ओमानला असतो, माझ्या पजेरोला ३,१०,००० झालेत, इथे चिखल नाही पण वाळू आहे, आणि वाडीत (इथे कोरड्या नदीपात्राला वाडी म्हणतात) पाणी आलं की ब्रीदरची तीच कथा. फक्त एकच भर घालतो, महिन्यातून एकदा फोर व्हील लावून गाडी थोडी चालवा, मऊ जमिनीवर. वर्षभर न लावलेला दांडा नेमका गाळात अडकल्यावर पडत नाही. आणि जिप्सीला मधलं डिफरन्शिअल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं) नाही, डांबरावर फोर-एचमध्ये (चारही चाकं जोडलेली, नेहमीचा वेग) वळणं घेऊ नका, सगळा ताण शाफ्ट आणि क्रॉसवर येतो. चारही टायर एकाच मापाचे, एकसारखे झिजलेले पाहिजेत, तेही ह्याच कारणाने.

---

झाडीपट्टी_ड्रायव्हर (चंद्रपूर)

कुंभारीण माशी!! दादा मी आज जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन माझ्या गाडीखाली घुसलो. मागचं मोकळं, पुढचं अर्धं बुजलेलं. आता गावातले चार जण आपापल्या गाड्या घेऊन माझ्या अंगणात उभे आहेत, बायको विचारून राहिली हे काय नवीन.

---

घाटवाट_७७ (सातारा)
९ जून

उशिरा लिहितोय, माफ करा, पेरणीची गडबड.

ओलं होतं ते गिअर ऑइलच होतं, वासावरून लगेच कळलं, आंघोळ करून पण बोटांचा जात नाही. सील, लायनर, ब्रेक ऑइल झालं. कॉम्प्रेशन चारही सारखं, जाड ऑइलचा विषय संपला. टायर २०१५ चे निघाले, नक्षी अजून दिसतेय पण बगलेत बारीक चिरा, ते मात्र दिवाळीनंतर, पैसे संपले. तोपर्यंत साठच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. हातोडी घेऊन चासी ठोकली, मागच्या उजव्या शॅकलजवळ एका जागी भद्द वाजलं, वीतभर तुकडा कापून नवीन वेल्ड करून घेतला, आतून मेण मारलं. जांभादगड, तुमची आठवण काढली. पेट्रोल पाइप बदलले. एकूण ५३,०००. घरात आकडा फुटलाय, तो विषय इथे नको.

ॲव्हरेज आता साडेअकरा देतेय. सत्तरला खड्डा मुद्दाम घेऊन बघितला (टायरचं ठरवायच्या आधी), स्टिअरिंग हललं नाही.

परवा पहिला मोठा पाऊस झाला, काल शेतावर गेलो. शेवटच्या चढाला फोर-एलमध्ये (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरला सोडली, क्लचवरून पाय काढला, आणि ती आपली गुरगुरत सरळ वर. वाटेत शेजारचा ट्रॅक्टर रुतून बसलेला, त्याने हात केला, मी पण केला, थांबलो नाही, थांबलो असतो तर मी पण बसलो असतो.

फक्त फोर-एलचा दांडा बाहेर काढताना कडक जातोय, दोन-तीनदा पुढेमागे करावी लागते गाडी. हे नॉर्मल आहे का?

---

पाना_पक्कड (कोल्हापूर)

नॉर्मल हाय. ताण अडकलेला असतो आत, जरा मागं घेतली की सुटतो. दोन-तीनदानं सुटतोय तवर काळजी नको, पाच-सहादा लागायला लागलं तर दांड्याच्या खालचं बुश बघ, माती गेलेली असणार.

आणि चिखलातनं आलास न्हवं? मग आज नुसती धुऊन ठेवू नको, धुतल्यावर सगळ्या निपलांना (ग्रीस भरायची तोंडं) ग्रीस मार, आतलं पाणी बाहेर येतं. उद्या करतो म्हणशील तर विसरशील.